मालकीणबाईंची हजेरी

आमच्या समोर राहणाऱ्या हौसाआक्का शिटीवरून कुकरची कंपनी ओळखतात.

मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा त्या आमच्या पायरीवर बसून माझ्याबरोबर पावटे सोलत होत्या. आत कुकर लावलेला होता. शिटी झाली तसा आक्कांचा हात थांबला.

"बाई, हा आपला न्हाई."

मला वाटलं, मी कुणाचा मागून आणलाय की काय असं त्या विचारतायत. म्हटलं, "माझाच आहे. पुण्याहून आणलाय."

"तुमचा असंल. आपला न्हाई. आपल्याची शिटी कशी, सासूनं हाक मारल्यावानी. एकदाच, आन् साऱ्या घराला ऐकू जाईल अशी. ह्यो बघा, सर्दी झाल्यावानी फुसफुसतोय."

दुसऱ्या कंपनीच्या कुकरातला भात खाणार नाही, असं काही त्या म्हणाल्या नाहीत. पण नंतर मी जेवायला थांबा म्हटलं की त्यांची एकादशी असायची. त्या महिन्यात आक्कांच्या एकादश्या फार आल्या. शेवटी, मुलांनो, तुमच्या आजोबांनी नसरापूरच्या बाजारातून 'आपल्या' कंपनीचा कुकर आणला, त्याची शिटी रस्त्यापलीकडे ऐकू गेली, आणि आक्का वाटीभर लोणचं घेऊन आपणहून जेवायला आल्या.

इरा आणि नील, तुम्ही दोघं सुट्टीत इथे आलात तेव्हा लहान होतात. समोरच्या घरातल्या, नऊवारी नेसणाऱ्या आणि तुमची नखं तपासणाऱ्या बाई तुम्हाला आठवतात का? त्याच हौसाआक्का. इरा, मागच्या रविवारी तू फोनवर तुझी नवी नोकरी समजावून सांगत होतीस. तुमची संस्था एखाद्या मोठ्या कंपनीचा लहानसा हिस्सा विकत घेते आणि मग त्या कंपनीनं कसं वागावं हे तिला सांगते. कुणाला काढावं, काय विकावं, कुठला खर्च कमी करावा. "आजी, तुला हे जरा विचित्र वाटेल," असं तू म्हणालीस. मला मुळीच विचित्र वाटलं नाही. आमच्या समोर हे काम कित्येक वर्षं चालू आहे. तुमच्या संस्थेचा हिस्सा आक्कांपेक्षा मोठा असेल, एवढाच फरक.

आक्कांचे यजमान सोपानराव कुकरच्या कारखान्यात प्रेस मशीनवर होते. आपल्या वेल्ह्याच्या रस्त्यानं खाली गेलं की महामार्गाच्या अलीकडे जी लांब पत्र्याची शेड दिसते, तोच तो कारखाना. कंपनीनं पहिल्यांदा बाजारात शेअर काढले तेव्हा जुन्या कामगारांनाही थोडे थोडे दिले. पुढे कुणी मुलीच्या लग्नात विकले, कुणी मोटारसायकल घेतली. सोपानरावांनी विकले नाहीत. त्यांच्यामागे ते आक्कांच्या नावावर झाले, आणि त्या दिवसापासून आक्का मालकीण झाल्या.

मालकीण म्हणजे अगदी खऱ्या अर्थानं. त्या कंपनीला 'कंपनी' म्हणत नाहीत, 'आपली' म्हणतात. "आपलीनं औंदा नवीन झाकण काढलंय." "आपलीचा टेम्पो घाटात बंद पडला." कुणाच्या लग्नात रुखवतावर दुसऱ्या कंपनीचा कुकर मांडलेला दिसला तर त्या वधूपित्याला बाजूला घेतात. आणि जगात कुठेही काहीही झालं, रस्ता खणला, एसटीची वेळ बदलली, अवकाळी पाऊस पडला, की त्यांचा एकच प्रश्न असतो.

"मालकिणीला इचारलं का?"

कंपनीच्या वार्षिक सभेला त्या दरवर्षी पुण्याला जातात. कागद इंग्रजीत येतात म्हणून मला बरोबर नेतात. भागधारकाशिवाय आत सोडत नाहीत असं कळल्यावर त्यांनी मला एक शेअर घ्यायला लावला. एसटीत बसल्यावर त्या कंडक्टरला सांगतात, "दोन मालक, स्वारगेट."

सभागृहात सूटबूटवाले लोक नफातोट्याचं बोलून झाले की आक्का उठतात. माईक हातात घेऊन आधी त्यावर फुंकर मारतात. "अध्यक्षसायेब, रामराम. म्या हौसाबाई, मालकीण." अध्यक्ष वयस्कर आणि भले गृहस्थ आहेत. ते दरवर्षी विचारतात, "आक्का, भात कसा आलाय?" भाताचं सांगून झालं की आक्का मुद्द्यावर येतात. दांडीचा स्क्रू ढिला होतो. रबराला वास येतो. चहाबरोबर दिलेला समोसा गार आहे, तो पाहुण्याला चालेल, मालकाला चालायचा नाही. एका वर्षी त्यांनी जाहिरातीचा विषय काढला. "त्या फोटुतली पोरगी केस मोकळं सोडून डाळ शिजवती. केस डाळीत पडलं तर नाव कुणाचं खराब व्हनार? तिचं का आपलं?" हॉल हसला. पुढच्या वर्षीच्या जाहिरातीत मुलीनं केस बांधलेले होते. आता ते आक्कांमुळे बांधले की तिला उकडत होतं म्हणून, हे कोण सांगणार. आक्कांना मात्र शंका नव्हती.

पण मालकिणीचं खरं काम रोज सकाळी असायचं. कारखान्याची बस आक्कांच्या दारासमोर थांबत असे. वरच्या वाड्यावस्त्यांवरून, पार पासलीकडून, सकाळच्या पाळीच्या मुली जीप, स्कूटी मिळेल त्यानं तिथं यायच्या आणि आक्कांच्या ओसरीवर बसची वाट बघायच्या. आक्का त्याला 'कामगारांची हजेरी' म्हणत. मला स्वयंपाकघरातून सगळं ऐकू यायचं.

"नखं बघू. ही कसली नखं गं पूजा? मांजराची का?"

"मालकीणबाई, काल हळदीला गेले होते."

"हळदीला गेलीस का बोचकाराय? काप. कात्री खुंटीला हाय. आन् ती सविता का आली न्हाई?"

"तिचं पोट दुखतंय."

"पोट दुखतंय का नवरा आलाय सुट्टीवर?"

मग हशा. मग पातेलंभर चहा. मग बस आली की आक्का स्वतः टायर बघायच्या, ड्रायव्हरला हवा भरायला सांगायच्या, आणि बस वळणाआड गेली की पदर झटकून आत जायच्या. गुरुवारी कारखान्याला सुट्टी असते. त्या दिवशी सकाळीच त्या आमच्याकडे यायच्या, काही ना काही तक्रार घेऊन, आणि लवकर जायच्या नाहीत. आमच्याकडे गुरुवारचा चहा जास्तच टाकावा लागे.

दोनेक वर्षांपूर्वी इंग्रजीत एक लांबलचक पत्र आलं. परदेशातल्या एका फंडानं कंपनीचा बराच मोठा हिस्सा घेतला होता आणि सगळ्या भागधारकांना पत्र पाठवलं होतं. इरा, तुझ्या नव्या ऑफिसातूनही अशीच पत्रं जात असतील. मी ते आक्कांच्या ओसरीवर बसून मराठीत सांगत गेले आणि त्या पोथी ऐकावी तशा ऐकत राहिल्या.

"कंपनी आळशी झाली आहे, असं म्हणतात."

"ह्यात खोटं काय हाय? हापिसात भर दुपारी दिवं चालू असत्यात. म्या सांगून दमले."

"साहेब लोकांवर खर्च फार होतो."

"व्हय की."

"संचालक मंडळावर आमची दोन माणसं घ्या."

"कुठल्या गावची?"

"ते लिहिलेलं नाही. आणि इथला कारखाना जुना झालाय. तो बंद करून माल दुसरीकडून बनवून घ्यावा आणि जागा विकावी."

आक्का सरळ बसल्या. "मालकिणीला इचारलं का?"

"आक्का, हे पत्र विचारायलाच आलंय. तुम्ही मत द्यायचंय."

इतकी वर्षं त्या सगळ्यांना जो प्रश्न विचारत होत्या, त्याला कुणी 'हो, विचारलं' असं उत्तर देईल, याची त्यांनी तयारीच ठेवली नव्हती. त्यांनी पत्र माझ्या हातून घेतलं, उलटसुलट बघितलं आणि देव्हाऱ्यात ठेवलं.

मतं अटीतटीची होती. अध्यक्षांच्या घराण्याकडे पूर्वीसारखे शेअर उरले नव्हते, त्यामुळे दोन्ही बाजू लहान भागधारकांची दारं ठोठावत होत्या. आक्कांनी त्याचा ग्रामपंचायतीच्या निवडणुकीसारखा विचार केला. "दोन्हीकडचा चा प्यायचा. मत ज्याचं त्याचं."

आधी कंपनीचा अधिकारी आला. त्यानं नवा कोरा कुकर भेट म्हणून पुढे केला.

"ह्यो कुणाचा?" आक्कांनी विचारलं.

"तुमच्यासाठी, आक्का."

"आपलाच माल असा फुकट वाटत फिरता व्हय? ह्येच लिवलंय त्या पत्रात. न्या माघारी, आन् दुकानात ठेवा."

तो बिचारा कुकर घेऊन निघाला. आक्कांनी त्याला दारात थांबवून विचारलं, "कारखाना ऱ्हाईल?" तो म्हणाला, आम्ही जिंकलो तर नक्की राहील. "आन् बस?" त्यावर तो म्हणाला, बसचं बघू. खर्चाचं जरा चाललंय.

नंतर फंडाकडून मुंबईची एक मुलगी आली. रिया नाव. तुझ्याच वयाची असेल, इरा. चुरगळलेला सुती सूट, एका खांद्यावर लॅपटॉप, वळणांच्या रस्त्यानं गाडी लागलेली. आक्कांनी आधी तिला आल्याचा तुकडा दिला, मग कोकमाचं सरबत. मुलगी प्रामाणिक होती. शेअरचा भाव वाढेल, तुम्हाला घरावर स्लॅब टाकता येईल, असं तिचं सांगून झाल्यावर आक्कांनी तिलाही तेच विचारलं. "बस येईल का?"

"आजी, कारखानाच राहिला नाही तर बस कशी राहील?" ती म्हणाली, आणि स्वतःच जरा ओशाळली.

"खरं बोललीस. बस हितं."

आक्का आतून सुपात तांदूळ, नारळ आणि खण घेऊन आल्या. पहिल्यांदा उंबऱ्याच्या आत आलेली लेक रिकाम्या ओटीनं जात नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. रियाला ठाऊक नव्हतं. ती घाबरून माझ्याकडे बघायला लागली. "मॅडम, आम्हाला भागधारकांकडून गिफ्ट घेता येत नाही. तसा नियम आहे."

मी आक्कांना नियम सांगितला.

"ओटी गिफ्ट नसती," आक्का म्हणाल्या. "तुज्या सायबाला सांग, मालकिणीनं निकाल दिलाय. पदर पसर."

पदर नव्हता. तिनं ओढणी पसरली. कुंकू लावून घेताना तिचे डोळे का भरून आले, ते तिनं सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. आक्का एवढंच म्हणाल्या, "मत मातुर मागू नगंस. ती येगळी गोष्ट."

सभेच्या दिवशी हॉल भरलेला होता. पहिल्या रांगेत एका बाजूला फंडाची माणसं, कडेला रिया. आम्ही नेहमीच्या जागी. अध्यक्षांनी भाषण सुरू केलं. फंडाच्या सूचनांचा आम्ही आदर करतो, ते म्हणाले. कारखाना बंद करायला आमचा विरोध आहे, पण बचत करायला आम्ही सुरुवात केली आहे. मग त्यांनी केलेली बचत वाचून दाखवली. मी आक्कांच्या कानात सांगत होते. साहेबांच्या गाड्या कमी केल्या. आक्का मान हलवत होत्या. पाहुण्यांचं गेस्ट हाऊस बंद केलं. बरं झालं. कामगारांची बस बंद करून त्याऐवजी प्रवासभत्ता देणार.

मी सांगायची थांबले, पण त्यांनी 'बस' एवढं ऐकलं होतं.

इरा, हे मी मुद्दाम लिहिते आहे. फंडानं बसचा 'ब'सुद्धा काढला नव्हता. त्यांनी फक्त बाहेर उभं राहून दार वाजवलं, आणि आतल्यांनी घाईघाईत जे हाताला लागलं ते बाहेर फेकलं.

आक्का उठल्या. माईकवर फुंकर मारली नाही.

"अध्यक्षसायेब, रामराम. भाताचं मागनं इचारा. बस का बंद केली?"

"आक्का, बंद म्हणजे मुलींना पैसे मिळणार आहेत. जीपनं येतील. वस्तीवरून थेट कारखान्यात. उलट त्यांची सोयच होईल."

"सोय व्हईल. पर हजेरी कोन घेनार?"

"हजेरी गेटवर मशीनवर लागते, आक्का."

"ती आल्याची लागती. पोरगी का आली न्हाई, ते मशीन इचारतंय का? नखं बगतंय? आमची सविता चार दिस गप गप हुती, ते मशीनला कळलं व्हतं?" मग त्या पहिल्या रांगेकडे वळल्या. "आन् तुमी, पाव्हणं. तुमी म्हनता कंपनी झोपलीया. झोपली आसंल. उठवा, म्या पन म्हनते उठवा. पर झोपल्यालं मानूस उठवताना हाक मारत्यात, त्येची खाट वढून घेत न्हाईत."

कुणीतरी टाळ्या वाजवल्या. वेळ संपल्याची घंटा झाली. अध्यक्ष हसून म्हणाले, "मुद्दा लक्षात घेतला, आक्का. आणखी काही?"

"न्हाई," आक्का म्हणाल्या. माईक देण्यासाठी हात पुढे केला आणि तो देता देताच त्यांच्या तोंडून निघून गेलं, "पर सकाळचं माझ्या दारात मंग कोन येनार?"

माईक चालू होता. सगळ्या हॉलला ऐकू गेलं. आक्का खाली बसल्या आणि बटव्यातून सुपारी काढून कातरायला लागल्या. रियाची मान खाली होती.

मतपत्रिका आली. मी त्यांना एकेक ठराव वाचून दाखवला. "तुमी निस्तं वाचा," त्या म्हणाल्या, आणि माझ्याकडे पाठ करून, पदराच्या आडोशानं खुणा केल्या. काय केल्या ते मला आजही माहीत नाही. परतीच्या एसटीत मी विचारून पाहिलं. "मत सांगायचं नसतं बाई. ह्येंना पन म्या कदी सांगितलं न्हाई." त्यापुढे स्वारगेटपासून चेलाडी फाट्यापर्यंत त्या खिडकीबाहेर बघत होत्या. कंडक्टरला त्यांनी त्या दिवशी 'दोन मालक' असं सांगितलं नव्हतं.

निकाल लागला तो असा. फंडाचा एक माणूस मंडळावर आला, दुसरा पडला. कारखाना राहिला. बस गेली.

बस बंद झाली त्या सकाळी मी लवकर उठून स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी होते. समोर ओसरीवर सतरंजी अंथरलेली नव्हती. आक्का उंबऱ्यात बसल्या होत्या, हातात काही काम नाही. अशा रिकाम्या बसलेल्या आक्का मी कधी पाहिल्या नव्हत्या. एक जीप खालच्या अंगाला निघून गेली. मी चप्पल घालून निघणार, तेवढ्यात दुसरी जीप वळणावर आली आणि आक्कांच्या दारात थांबली. आतून मुली उतरल्या. पूजा, सविता, सगळ्या. मागून आणखी एक जीप आली, तीही थांबली.

आक्का उठल्या नाहीत. "इथं कशाला थांबलाय गं? जीप थेट जाती म्हनत्यात."

"जाती की," पूजा म्हणाली. "पर मालकिणीला इचारलं न्हाई नव्हं. ड्रायव्हरला म्हटलं, हजेरी झाल्याबिगर आम्ही पुढं जात न्हाई. आम्हीच घरनं जरा लवकर निघालो."

"चा टाकल्याला न्हाई."

"टाका मग. का तुमचापण खर्च कमी केलाय?"

आक्का आत गेल्या. बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. पातेलं शोधायला इतका वेळ लागत नाही, ते कायम चुलीशेजारीच असतं. बाहेर आल्या तेव्हा पदरानं तोंड पुसत होत्या आणि आवाज नेहमीचा होता. "नखं बघू."

इरा, तुझं काम वाईट आहे असं मला सांगायचं नाही. आळशी कंपनीला कुणीतरी हाक मारायलाच हवी, हे तर आक्काही म्हणाल्या. तू एखाद्या कंपनीला पत्र लिहिशील तेव्हा त्या कंपनीच्या बसच्या वाटेवर कुणाची ओसरी आहे, ते तुला तिथून दिसणार नाही. मलाही इतकी वर्षं समोर राहून नीट दिसलं नव्हतं. बस दिसत होती, एवढंच. रियानं दिवाळीला आक्कांना मिठाई पाठवली. आक्कांनी ती मुलींना वाटली, पण खोक्यावरची रिबीन ठेवून घेतली.

मुली अजून येतात. आक्का आता बसऐवजी जीपचे टायर बघतात. जीपवाल्यांना ते आवडत नाही, पण चहा आवडतो. फक्त गुरुवारचा प्रश्न राहिला होता, तो मी माझ्यापुरता सोडवला आहे. गुरुवारी सकाळी आमच्याकडे आता चहा होत नाही. मी उठते, वेणी घालते, रस्ता ओलांडते आणि आक्कांच्या ओसरीवर जाऊन बसते. तुमचे आजोबा म्हणतात, या वयात हे काय. आक्का चहा ठेवतात, मग चष्मा लावून माझा हात हातात घेतात आणि उजेडाकडे धरून बराच वेळ माझी नखं बघतात.